कार्बन डायऑक्साइडपासून प्रकाशाने इंधन: आकड्यांकडे कसे पाहावे

प्रश्न असा आहे: नॅनोपदार्थांचे प्रकाश-उत्प्रेरक (प्रकाश शोषून अभिक्रिया घडवणारे पदार्थ) वापरून, केवळ प्रकाश आणि पाणी यांच्या बळावर कार्बन डायऑक्साइडचे मिथेन, मिथेनॉल किंवा कार्बन मोनॉक्साइड करता येते असे सतत छापून येते, मग इतक्या वर्षांनंतरही ही पद्धत प्रयोगशाळेबाहेर का आली नाही, आणि या विषयात नव्याने काम सुरू करणाऱ्याने नेमके कशाकडे लक्ष द्यावे?

थोडक्यात उत्तर द्यायचे तर ही अभिक्रिया खरोखर घडते, तिची दिशा आणि तिचे टप्पे बऱ्यापैकी समजलेले आहेत, परंतु तिची कार्यक्षमता आज इतकी कमी आहे की मोजलेले उत्पादन खरोखर कार्बन डायऑक्साइडपासूनच आले की नाही हेदेखील प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. या क्षेत्रातील कोणताही दावा वाचताना मी दोनच गोष्टी आधी शोधतो: इलेक्ट्रॉन कुठून आला आणि कार्बन कुठून आला. या दोन प्रश्नांची उत्तरे नसतील, तर पदार्थ कितीही नवा आणि त्याची सूक्ष्मदर्शकातील छायाचित्रे कितीही देखणी असली तरी त्या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही. पुढील सगळे विवेचन या दोन प्रश्नांभोवतीच फिरते.

आधी ऊर्जेचा हिशेब पाहू. कार्बन डायऑक्साइडचा रेणू सरळ रेषेतला, सममित आणि अत्यंत स्थिर असतो. त्याला एकच इलेक्ट्रॉन द्यायचा म्हटले तर पीएच ७ असताना, प्रमाण हायड्रोजन विद्युतअग्राच्या तुलनेत, सुमारे उणे १.९० व्होल्ट इतके विभव लागते. कारण तो इलेक्ट्रॉन स्वीकारताना सरळ रेणूला वाकावे लागते आणि त्याची सगळी स्थिरता मोडते. नेहमीच्या वापरातल्या कोणत्याही ऑक्साइड अर्धवाहकाचा वहन पट्टा, म्हणजे प्रकाशाने उचललेले इलेक्ट्रॉन ज्या ऊर्जापातळीवर जातात ती, इतक्या उणे विभवावर नसतो. सुटका एवढीच की इलेक्ट्रॉनांच्या जोडीने प्रोटॉनही दिले, तर वाट बरीच सोपी होते. त्याच परिस्थितीत दोन इलेक्ट्रॉनांनी फॉर्मिक आम्ल करायला उणे ०.६१, दोन इलेक्ट्रॉनांनी कार्बन मोनॉक्साइड करायला उणे ०.५३, सहा इलेक्ट्रॉनांनी मिथेनॉल करायला उणे ०.३८ आणि आठ इलेक्ट्रॉनांनी मिथेन करायला केवळ उणे ०.२४ व्होल्ट पुरतात. मात्र पाण्यातील प्रोटॉनांपासून हायड्रोजन तयार होण्याचे विभव उणे ०.४१ व्होल्ट आहे, म्हणजे ते या सगळ्यांच्या मधोमध येते, आणि त्यासाठी फक्त दोन इलेक्ट्रॉन लागतात. पाण्यात काम करणाऱ्या जवळपास प्रत्येक प्रणालीत हायड्रोजन हा न बोलावलेला पाहुणा असतो तो यामुळेच.

या आकड्यांवरून मिथेन सर्वांत सोपे असे वाटेल, आणि नवशिक्यांची गफलत अनेकदा इथेच होते. ही विभवे फक्त उष्मागतिकीची भाषा बोलतात, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने अभिक्रिया शक्य आहे का एवढेच सांगतात. आठ इलेक्ट्रॉन आणि आठ प्रोटॉन एकाच कार्बन अणूपर्यंत क्रमाने पोहोचवणे हे वेगाचे प्रकरण आहे. २० नॅनोमीटर आकाराचा टायटॅनियम डायऑक्साइडचा एक कण पूर्ण सूर्यप्रकाशात ठेवला, तर त्याला वापरता येण्याजोगे अतिनील फोटॉन, ढोबळ हिशेबाने, सेकंदाला काही शेकडो ते काही हजार एवढेच शोषता येतात. म्हणजे एका फोटॉननंतर दुसरा यायला साधारण मिलिसेकंदाच्या आसपास वेळ जातो. त्याउलट कणाच्या आत निर्माण झालेले इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर मागे उरलेली धन रिकामी जागा) पुन्हा एकत्र येऊन नष्ट होण्याची प्रक्रिया पिकोसेकंद ते नॅनोसेकंदांत बरीचशी उरकते. आठ इलेक्ट्रॉन जमायचे असतील तर अर्धवट क्षपण झालेला, म्हणजे काहीच इलेक्ट्रॉन मिळालेला मधला रेणू तेवढा वेळ पृष्ठभागाला धरून राहिला पाहिजे, आणि त्या दरम्यान एखाद्या होलने त्याचे पुन्हा ऑक्सिडीकरण करता कामा नये, म्हणजे इलेक्ट्रॉन परत काढून घेता कामा नये. हे जमणे अवघड असल्यामुळे बहुतेक प्रणाली दोन इलेक्ट्रॉनांवरच थांबतात आणि कार्बन मोनॉक्साइड देतात.

माझ्या मते यात वाईट काही नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांच्या मिश्रणापासून फिशर-ट्रॉप्श पद्धतीने द्रव इंधन करण्याचे तंत्र दीर्घकाळ औद्योगिक वापरात आहे. त्यामुळे प्रकाश-उत्प्रेरकाने एका दमात मिथेनॉल किंवा इथेनॉल द्यावे हा हट्ट धरण्यापेक्षा त्याने दोन इलेक्ट्रॉनांचे काम स्वच्छपणे करावे, ही अपेक्षा अधिक व्यवहार्य वाटते.

या विषयाचा आरंभ सहसा १९७९ सालच्या इनोउए, फुजिशिमा, कोनिशी आणि होंडा यांच्या निबंधापासून धरतात. त्यांनी टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड, कॅडमियम सल्फाइड, गॅलियम फॉस्फाइड, सिलिकॉन कार्बाइड आणि टंगस्टन ऑक्साइड यांच्या भुकट्या पाण्यात ढवळत ठेवून, त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडून, त्यांवर दिव्याचा प्रकाश पाडला आणि फॉर्मिक आम्ल, फॉर्माल्डिहाइड, मिथेनॉल व थोडे मिथेन मिळाल्याचे नोंदवले. वहन पट्टा जितका अधिक उणे तितके मिथेनॉल जास्त, आणि ज्याचा वहन पट्टा पुरेसा उणे नाही त्या टंगस्टन ऑक्साइडपासून मिथेनॉल नाहीच, हा त्यातला कल आजही पदार्थ निवडताना पहिली चाळणी म्हणून वापरला जातो. त्याआधी १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युतअग्रावर प्रकाशाने पाण्याचे विघटन दाखवले होते. कार्बन डायऑक्साइडचे काम ही त्याचीच पुढची शाखा.

आता नॅनो आकाराचा नेमका फायदा काय, ते पाहू. पृष्ठभाग वाढतो हे उत्तर सगळे देतात, पण ते अर्धेच आहे. खरा फायदा अंतराचा आहे. अनेक ऑक्साइडांमध्ये होल आपल्या आयुष्यात काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर एवढेच अंतर कापू शकतात. कण एक मायक्रोमीटरचा असेल तर त्याच्या पोटात जन्मलेले बहुतेक आवेशवाहक, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल, पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच संपतात. कण २० नॅनोमीटरचा असेल तर पृष्ठभाग कायम हाकेच्या अंतरावर असतो. याची किंमतही मोजावी लागते. एवढ्या लहान कणात आवेशांना वेगळे खेचणारे अंतर्गत विद्युतक्षेत्र नीट उभे राहत नाही, आणि पृष्ठभागावरील दोष हेच पुनर्संयोगाची, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल पुन्हा एकत्र येण्याची, केंद्रे बनतात. म्हणून कण लहान करत गेल्यावर सक्रियता सतत वाढत जाईल ही अपेक्षा प्रयोगात टिकत नाही. ती एका टप्प्यापर्यंत वाढते आणि मग घसरते. कॅडमियम सेलेनाइडसारख्या पदार्थांत कण काही नॅनोमीटरवर आणला की क्वांटम बंधनामुळे बँड गॅप (इलेक्ट्रॉन वहन पट्ट्यात उचलायला लागणारी किमान ऊर्जा) रुंदावतो आणि वहन पट्टा अधिक उणे होतो, त्यामुळे क्षपणाची ताकद वाढते. पण त्याच वेळी तो पदार्थ दृश्य प्रकाशाचा काही भाग गमावतो.

कणाचा आकार जितका महत्त्वाचा तितकीच त्याची घडण. टायटॅनियम डायऑक्साइडच्या अ‍ॅनाटेज स्फटिकाला वेगवेगळे पैलू असतात. त्यांपैकी १०१ पैलूकडे इलेक्ट्रॉन आणि ००१ पैलूकडे होल जमण्याची प्रवृत्ती असते, आणि हे दोन पैलू योग्य प्रमाणात उघडे ठेवले तर एकाच स्फटिकात आवेश वेगळे होण्यास मदत होते, असे जियागुओ यू यांच्या गटाने २०१४ साली दाखवले. मला हे काम आवडण्याचे कारण असे की त्यात नवे मूलद्रव्य घातलेले नाही, महागडा धातू नाही. ओळखीच्या पदार्थाची ठेवण बदलून पुनर्संयोगाला आळा घालण्याचा तो प्रयत्न आहे.

पदार्थ निवडताना कात्री कायम तीच असते. अ‍ॅनाटेजचा बँड गॅप ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचाच प्रकाश तो शोषतो, आणि सूर्याच्या ऊर्जेत अतिनील भाग जेमतेम ४ ते ५ टक्के असतो. कॅडमियम सल्फाइडचा बँड गॅप २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने तो दृश्य प्रकाश घेतो, पण होल त्यातील सल्फाइडचेच ऑक्सिडीकरण करतात आणि पदार्थ प्रकाशात झिजतो. ग्राफायटिक कार्बन नायट्राइडचा बँड गॅप २.७ असून त्याचा वहन पट्टा उणे १.१ व्होल्टच्याही पलीकडे असल्यामुळे क्षपणासाठी तो सोयीचा आहे. पाण्याचे ऑक्सिडीकरण मात्र त्याला रखडतच जमते. सीझियम लेड ब्रोमाइडचे पेरोव्स्काइट नॅनोकण प्रकाश उत्तम शोषतात आणि पाण्यात टिकत नाहीत, म्हणून त्यांचे प्रयोग इथाइल अ‍ॅसिटेटसारख्या द्रावकात केले जातात. एका पदार्थात सगळे गुण एकत्र येत नाहीत, यावर आता फारसा वाद उरलेला नाही.

म्हणूनच दोन अर्धवाहकांची जोडी लावण्याची पद्धत रूढ झाली. ती ज्या रीतीने लावली जाते तीत मात्र फरक आहे. जुन्या प्रकारच्या जोडीत इलेक्ट्रॉन कमी उणे वहन पट्ट्याकडे आणि होल कमी धन संयुजा पट्ट्याकडे (होल ज्या ऊर्जापातळीवर असतात तिच्याकडे) वाहतात. आवेश वेगळे होतात खरे, पण दोघांचीही ताकद कमी होते. पानांतील प्रकाशसंश्लेषणाशी साम्य असलेल्या झेड-मांडणीत एका पदार्थातील निकामी इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्यातील निकामी होल एकमेकांना संपवतात आणि सर्वांत ताकदीचे इलेक्ट्रॉन व होल शिल्लक राहतात. टंगस्टन ऑक्साइड एकट्याने कार्बन डायऑक्साइडचे क्षपण करू शकत नाही, पण कार्बन नायट्राइडच्या जोडीला पाण्याचे ऑक्सिडीकरण करणारा भागीदार म्हणून तो उपयोगी पडतो. ही मांडणी प्रत्यक्षात जमली आहे की जुन्याच प्रकारची जोडी झाली आहे, हे केवळ पट्ट्यांचे आराखडे काढून ठरत नाही. प्रकाश पडत असताना घेतलेली एक्स-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटाची मापने, किंवा कोणत्या भागावर धातूचे आयन क्षपित होऊन साचतात हे दाखवणारे प्रयोग, असा काहीतरी थेट पुरावा हवा. बाणांचे रंगीत चित्र हा पुरावा नव्हे.

पृष्ठभागावर लावलेल्या सहउत्प्रेरकाचे, म्हणजे अर्धवाहकाला मदत करणाऱ्या सूक्ष्म धातूकणांचे किंवा ऑक्साइडचे, काम वेगळे. प्लॅटिनम इलेक्ट्रॉन गोळा करण्यात पटाईत आहे, पण त्याच तत्परतेने हायड्रोजनही बनवते. चांदी हायड्रोजनच्या बाबतीत मंद असल्यामुळे कार्बन मोनॉक्साइडकडे कल वाढवते. तांब्याचे वैशिष्ट्य असे की त्याच्या पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइड ना फार घट्ट ना फार सैल धरला जातो, त्यामुळे त्याचे पुढे मिथेन किंवा दोन कार्बनच्या संयुगांपर्यंत क्षपण होण्याला वाव मिळतो. अकिहिको कुडो यांच्या गटाने २०११ साली बेरियम, लँथॅनम आणि टायटॅनियम यांच्या थरयुक्त ऑक्साइडवर चांदीचे सूक्ष्म कण बसवून पाण्यातच कार्बन मोनॉक्साइड मिळवला, आणि त्याच्या जोडीने ऑक्सिजनही अपेक्षित प्रमाणात मोजून दाखवला. तो पदार्थ फक्त अतिनील प्रकाशात चालतो, त्यामुळे व्यवहाराच्या दृष्टीने तो दूरच आहे. तरीही मी नव्या विद्यार्थ्यांना तो निबंध आधी वाचायला सांगतो, कारण त्यात इलेक्ट्रॉनांचा जमाखर्च जुळतो.

इथे पहिल्या प्रश्नाकडे यावे लागते. कार्बन डायऑक्साइडला दिलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन कुठून तरी काढून घेतलेला असतो. तो पाण्यातून आला असेल तर ऑक्सिजन बाहेर पडलाच पाहिजे: कार्बन मोनॉक्साइडच्या दोन रेणूंमागे ऑक्सिजनचा एक, आणि मिथेनच्या एका रेणूमागे ऑक्सिजनचे दोन. हायड्रोजनही निघत असेल तर त्याचा वाटा वेगळा धरावा लागतो. प्रत्यक्षात बहुतेक निबंधांत ऑक्सिजनचा उल्लेखच नसतो, किंवा तो हवेच्या गळतीमुळे मोजता आला नाही असे एका ओळीत सांगितलेले असते. ऑक्सिजन मोजणे खरोखर कटकटीचे आहे, हे मान्य. पण तो दिसत नसेल तर होल दुसरेच काहीतरी खात आहेत, आणि ते काहीतरी संपले की अभिक्रियाही थांबणार, ही शंका रास्त ठरते.

या अडचणीतून पळवाट म्हणून ट्रायइथेनॉलअमाइन, ट्रायइथाइलअमाइन किंवा सोडियम सल्फाइट असे बळी जाणारे रसायन मिसळतात. ते होल ताबडतोब टिपते, पुनर्संयोग घटतो आणि उत्पादनाचा वेग अनेक पटींनी वाढतो. उत्प्रेरकाच्या क्षपणाच्या बाजूचा वेगळा अभ्यास करायचा असेल तर हा मार्ग वैध आहे. परंतु त्याला सौर इंधन म्हणता येत नाही, कारण प्रकाशाची ऊर्जा साठवण्याऐवजी आपण एक मौल्यवान रसायन जाळून कमी मोलाचे इंधन मिळवत असतो. शिवाय ट्रायइथेनॉलअमाइन स्वतः सेंद्रिय आहे. त्याच्या विघटनातूनही लहान कार्बनी रेणू निघतात आणि दुसरा प्रश्न, म्हणजे कार्बनच्या उगमाचा, आणखी गुंतागुंतीचा होतो.

त्या दुसऱ्या प्रश्नाची तीव्रता एका साध्या हिशेबाने लक्षात येते. समजा ५० मिलिग्रॅम उत्प्रेरक घेतला आणि निबंधात लिहायचा आकडा ताशी दर ग्रॅमला १० मायक्रोमोल मिथेन असा आला. म्हणजे प्रत्यक्षात दर तासाला ०.५ मायक्रोमोल मिथेन तयार झाले. आता त्या उत्प्रेरकावर वजनाच्या फक्त ०.१ टक्का इतका कार्बन, संश्लेषणात वापरलेल्या सेंद्रिय द्रावकाचा, पृष्ठसक्रियकाचा किंवा हवेतून चिकटलेला, शिल्लक आहे असे धरू. तो ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे चार मायक्रोमोलहून थोडा जास्त भरतो. एवढा कार्बन त्या वेगाने आठ तास मिथेन पुरवू शकतो, आणि बऱ्याच प्रयोगांचा एकूण कालावधी त्याहून कमी असतो. कार्बन नायट्राइड, धातू-सेंद्रिय चौकटी किंवा ग्राफीन यांच्या बाबतीत तर उत्प्रेरकाचा सांगाडाच कार्बनचा असतो.

ही नुसती शंका राहिलेली नाही. २०१० साली गिडो मुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबेयुक्त टायटॅनियम डायऑक्साइडवर कार्बन-१३ ने (साध्या कार्बन-१२ पेक्षा थोडा जड असलेला कार्बनचा प्रकार, म्हणजे समस्थानिक) चिन्हांकित केलेला कार्बन डायऑक्साइड वापरून अवरक्त वर्णपटाने पाहिले, तेव्हा तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडमध्ये पृष्ठभागावरील जुन्या अवशेषांतला साधा कार्बन-१२ प्रामुख्याने आढळला. त्यानंतर समस्थानिक प्रयोगाची मागणी सर्वत्र होऊ लागली, आणि ती योग्यच आहे. तरीही हा प्रयोग उरकल्यासारखा केला तर तोही फसवतो. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये कार्बन-१३ चा मोनॉक्साइड वस्तुमान २९ वर दिसतो, पण चिन्हांकित कार्बन डायऑक्साइडचा रेणू यंत्राच्या आयन कक्षात फुटला तरी तिथेच संकेत येतो. चिन्हांकित मिथेन १७ वर येते आणि पाण्याच्या वाफेचा तुकडाही १७ वरच येतो. म्हणून वायू आधी गॅस क्रोमॅटोग्राफच्या स्तंभातून वेगळे करून, प्रत्येकाच्या बाहेर पडण्याच्या वेळीच त्याचे वस्तुमान पाहिले पाहिजे, आणि २८ (साध्या कार्बनचा मोनॉक्साइड) व २९ या दोन्ही शिखरांचे गुणोत्तर द्यायला हवे. फक्त २९ चे शिखर दाखवणारी आकृती पाहिली की मी परीक्षक म्हणून मूळ नोंदी मागवतो. द्रवातील फॉर्मेटसाठी काम तुलनेने सोपे आहे: कार्बन-१३ शी जोडलेल्या हायड्रोजनचा संकेत प्रोटॉन एनएमआरमध्ये (हायड्रोजनच्या चुंबकीय अनुनादाच्या वर्णपटात) सुमारे १९५ हर्ट्झच्या अंतराने दुभंगतो, साध्या फॉर्मेटचा दुभंगत नाही, आणि दोघांचे क्षेत्रफळ एकाच आलेखात मोजता येते.

समस्थानिक वायू महाग असतो म्हणून तो शेवटी एकदाच वापरायचा, अशी प्रथा आहे. त्याआधीचे साधे नियंत्रण-प्रयोग मात्र रोज करता येतात आणि ते केलेच पाहिजेत: अंधारात, उत्प्रेरकाशिवाय, आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी आर्गॉन सोडून. यांपैकी आर्गॉनचा प्रयोग सर्वांत बोलका असतो. आर्गॉनमध्येही मिथेन निघत असेल, तर पुढे जाण्याआधी उत्प्रेरक ओल्या ऑक्सिजनमध्ये किंवा ओल्या आर्गॉनमध्ये तासन्‌तास प्रकाशाखाली ठेवून साफ करावा आणि तो आकडा शून्याजवळ आल्यावरच कार्बन डायऑक्साइड आत सोडावा.

आता वेगाच्या एककाबद्दल. ताशी दर ग्रॅमला इतके मायक्रोमोल, हे एकक या क्षेत्रात इतके रुळले आहे की त्याविना निबंध छापला जात नाही, आणि तुलनेसाठी ते जवळजवळ निरुपयोगी आहे. प्रकाशाने चालणारी अभिक्रिया उत्प्रेरकाच्या वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. एका मर्यादेनंतर सगळा प्रकाश शोषला गेलेला असतो आणि जास्तीची भुकटी सावलीत बसते. त्यामुळे कमी वजन घेतले की दर ग्रॅमचा आकडा आपोआप फुगतो. पाच मिलिग्रॅमवर मोजून त्याला २०० ने गुणलेला आकडा कागदावर भव्य दिसतो. त्याऐवजी ठरावीक तरंगलांबीवर किती फोटॉन पडले आणि त्यांपैकी किती इलेक्ट्रॉन उत्पादनात पोहोचले हे सांगणारी क्वांटम कार्यक्षमता द्यावी, आणि शक्य असल्यास पडलेल्या सौर ऊर्जेपैकी किती ऊर्जा इंधनात साठली तेही द्यावे.

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. पाणी आणि कार्बन डायऑक्साइडपासून एक मोल मिथेन व ऑक्सिजन होताना सुमारे ८१८ किलोज्यूल मुक्त ऊर्जा साठते. ताशी ०.५ मायक्रोमोल म्हणजे तासाला सुमारे ०.४१ ज्यूल, अर्थात ०.११ मिलिवॅट. दहा चौरस सेंटिमीटरवर एका सूर्याइतका, म्हणजे प्रति चौरस सेंटिमीटर १०० मिलिवॅट प्रकाश पडत असेल, तर आत येणारी शक्ती एक वॅट होते. कार्यक्षमता आली ०.०१ टक्का. पिकांमध्ये प्रकाशसंश्लेषणाने साठणारी ऊर्जा वर्षाच्या सरासरीने साधारण एक टक्क्याच्या आसपास असते, आणि व्यवहार्य सौर इंधनासाठी अनेकदा १० टक्क्यांचे लक्ष्य सांगितले जाते. शिवाय प्रयोगशाळेतील ३०० वॅटचा झेनॉन दिवा लहान जागेवर केंद्रित केला तर तो एका सूर्याच्या कितीतरी पट प्रकाश आणि बरीच उष्णताही देतो, हे हिशेबात धरले की आकडा आणखी खाली येतो. रिअ‍ॅक्टरचे तापमान न मोजता सगळे श्रेय प्रकाशाला देणे हा तर नेहमीचाच प्रकार आहे.

रिअ‍ॅक्टरविषयी थोडेच सांगतो. कार्बन डायऑक्साइड पाण्यात २५ अंश सेल्सिअसला आणि एका वातावरणाच्या दाबाखाली लिटरला जेमतेम ३३ मिलिमोल विरघळतो, तर पाणी स्वतः लिटरला ५५ मोल असते. पृष्ठभागावरील जागांसाठीची ही स्पर्धा विषम आहे. आम्लारी घालून विद्राव्यता वाढवली तर तो बायकार्बोनेट होतो आणि त्याचे क्षपण आणखी अवघड जाते. म्हणून उत्प्रेरकाचा पातळ थर देऊन त्यावरून ओलसर कार्बन डायऑक्साइड वाहता ठेवण्याची पद्धत मला अधिक पटते. तीत हायड्रोजन कमी निघतो आणि तयार झालेला वायू लगेच बाहेर काढता येतो. बंद भांड्यात उत्पादन आणि ऑक्सिजन एकत्र साचत गेले की उलटी अभिक्रिया सुरू होते. मिथेनॉल आणि फॉर्मिक आम्ल तर पाण्यापेक्षा होलांना अधिक आवडतात, त्यामुळे ती तयार होताच त्याच कणावर पुन्हा जळतात. काही तासांनी सपाट होणारा वक्र पाहून उत्प्रेरक खराब झाला असे लिहिले जाते. पुष्कळदा त्यामागे एवढेच कारण असते.

मग पर्यायी मार्गांशी तुलना करता या पद्धतीचे स्थान काय? सौर घटातून वीज घेऊन स्वतंत्र विद्युत-विघटन घटात कार्बन डायऑक्साइडचे क्षपण करण्याच्या मार्गाने, स्वित्झर्लंडमधील लोझान येथे २०१५ साली पेरोव्स्काइट सौर घट वापरून, सूर्यप्रकाशापासून कार्बन मोनॉक्साइडपर्यंत ६.५ टक्के कार्यक्षमता दाखवली गेली, आणि नंतर इतरत्र ती दोन अंकी आकड्यांत गेली. भुकटीच्या प्रकाश-उत्प्रेरकांपेक्षा हे अनेक पटींनी पुढे आहे. भुकटीचा खरा आकर्षक गुण म्हणजे साधेपणा: तारा नाहीत, घटातले विभाजक पडदे नाहीत, मोठ्या क्षेत्रावर पसरता येईल असा पातळ थर. तो साधेपणा किती दूर नेऊ शकतो याचे उत्तम उदाहरण कार्बन डायऑक्साइडचे नसून पाण्याचे आहे. जपानमध्ये काझुनारी दोमेन आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅल्युमिनियम मिसळलेल्या स्ट्राँशियम टायटॅनेटवर ३५० ते ३६० नॅनोमीटरच्या प्रकाशात पाण्याच्या विघटनाची सुमारे ९६ टक्के क्वांटम कार्यक्षमता २०२० साली नोंदवली आणि २०२१ साली १०० चौरस मीटरच्या फलकावर उघड्या आकाशाखाली हायड्रोजन तयार केला. तिथली सौर कार्यक्षमता जास्तीत जास्त ०.७६ टक्के होती. म्हणजे पुनर्संयोग जवळजवळ पूर्ण रोखता येतो हे सिद्ध झाले आहे, आणि मर्यादा उरली ती दृश्य प्रकाश वापरण्याची.

यावरून माझे मत असे बनले आहे की मिथेन किंवा मिथेनॉल हवे असेल तर प्रकाशाने आधी हायड्रोजन करावा आणि मग उष्णतेच्या उत्प्रेरणाने त्याची कार्बन डायऑक्साइडशी गाठ घालावी. साबात्ये अभिक्रिया (कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजनपासून मिथेन करणारी) निकेल किंवा रुथेनियमवर सहज चालते, आणि आइसलँडमध्ये २०१२ च्या सुमारास कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजनपासून मिथेनॉल करणारा कारखाना सुरू झाला, जरी त्याचा हायड्रोजन विजेवर बनत होता. प्रकाशानेच तापणाऱ्या नॅनोकणांवर ही दुसरी पायरी उरकण्याचे, म्हणजे प्रकाश-औष्णिक उत्प्रेरणाचे कामही वेगाने पुढे जात आहे आणि तिथले वेग शुद्ध प्रकाश-उत्प्रेरणापेक्षा कितीतरी मोठे आहेत. मात्र तिथेही हायड्रोजन कुठून आला हे विचारावेच लागते. थेट एकाच कणावर कार्बन डायऑक्साइडचे क्षपण आणि पाण्याचे ऑक्सिडीकरण करण्याचा मार्ग मूलभूत संशोधन म्हणून मोलाचा आहे, पण त्याची तुलना उद्याच्या कारखान्याशी करू नये.

नव्याने काम सुरू करणाऱ्याला मी पुढीलप्रमाणे सुचवीन. पहिले काही महिने नवा पदार्थ बनवण्यात घालवू नका. बाजारात मिळणारी टायटॅनियम डायऑक्साइडची पी-२५ ही प्रमाण भुकटी घ्या, तिच्यात सुमारे ८० टक्के अ‍ॅनाटेज आणि २० टक्के रुटाइल (त्याच पदार्थाचे दुसरे स्फटिकरूप) असते, आणि तिच्यावर सगळे नियंत्रण-प्रयोग, दिव्याच्या तीव्रतेचे मापन, गळतीची तपासणी आणि ऑक्सिजनचे मोजमाप बसवा. आर्गॉनखाली मिळणारा आकडा किती आणि कार्बन डायऑक्साइडखाली मिळणारा आकडा किती, यातला फरक तुमच्या मोजणीतील चुकीच्या मर्यादेपेक्षा स्पष्टपणे मोठा येऊ लागला की मग पदार्थाकडे वळा. त्या वेळी क्षपणाच्या बाजूपेक्षा ऑक्सिडीकरणाच्या बाजूवर अधिक वेळ द्या. पाण्यातून चार इलेक्ट्रॉन काढून ऑक्सिजन सोडणे हाच या साखळीतला सर्वांत मंद दुवा आहे, आणि कोबाल्ट किंवा मँगनीजच्या ऑक्साइडसारखा स्वस्त सहउत्प्रेरक नेमका होल जमणाऱ्या पैलूवर बसवल्याने होणारा फायदा, क्षपणाच्या बाजूला आणखी एक दुर्मीळ धातू लावल्याने होणाऱ्या फायद्यापेक्षा बहुधा मोठा निघेल. आकडे लिहिताना उत्प्रेरकाचे वजन, प्रकाशित क्षेत्रफळ, प्रकाशाची तीव्रता, थराचे तापमान आणि एकूण निघालेले मायक्रोमोल हे सगळे द्या, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतःचा हिशेब स्वतः करता येईल.